वाण आणि वळचण

मुंबईच्या उपनगरांचा नकाशा समोर पसरला असता पश्चिमेकडील अंधेरी-बोरिवलीची आणि पूर्वेकडील घाटकोपर-मुलुंडची दाट वस्ती यांच्या मधोमध जो हिरवा पट्टा अद्याप टिकून आहे, त्याच्या दक्षिण अंगास गोरेगावची आरे दुग्ध वसाहत लागते. शहरातील म्हशींचे गोठे भरवस्तीतून हलवून त्यांची नीट तजवीज लावावी या हेतूने, दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने, १९४९ मध्ये ही वसाहत उभी राहिली, ही हकिकत पुष्कळांना ठाऊक असते; परंतु त्याच वसाहतीच्या हद्दीत केंद्र सरकारने कोंबड्यांच्या पैदाशीसाठी एक प्रक्षेत्र वसविले आणि ते आजही केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचे पश्चिम विभागाचे ठाणे म्हणून नांदते आहे, हे तेथून हाकेच्या अंतरावर आयुष्य काढलेल्या रहिवाशांपैकीही फार थोड्यांना माहीत असेल. चंदीगड, भुवनेश्वर आणि बंगळूरजवळील हेसरघट्टा ही या संघटनेची इतर तीन ठाणी. आणि चारही ठिकाणची हवा एकमेकींपासून इतकी भिन्न आहे की एकाच वाणाची पिल्ले या चार ठिकाणी एकाच दिवशी सोडली, तर सहा आठवड्यांनी चार निरनिराळे हिशेब हाती यावेत.

या प्रकरणाचा विषय नेमका हाच आहे. मांसासाठी पाळलेल्या कोंबडीचे उत्पन्न तिच्या वाणावर किती अवलंबून असते, ती ज्या घरात वाढते त्या घरावर किती, आणि या दोहोंची गाठ पडते तेव्हा काय घडते, हा प्रश्न मुंबईसारख्या दमट किनाऱ्यावर जितका निकराने उभा राहतो तितका तो घाटमाथ्यावर राहत नाही.

वाणाची पारख निर्लेपपणे करावयाची असेल तर घराचा प्रभाव आधी वगळावा लागतो. त्यासाठी कुक्कुटशास्त्रात यादृच्छिक नमुन्याची चाचणी रूढ झाली. निरनिराळ्या पैदासकारांच्या साठ्यातून, त्यांना निवडीची मुभा न देता, अंडी वा पिल्ले उचलावयाची, सर्वांना एकाच छपराखाली, एकाच खाद्यावर, एकाच माणसांच्या देखरेखीत वाढवावयाचे, आणि अखेरीस वजन, खाल्लेले खाद्य व मरतूक यांची नोंद मांडून क्रम लावावयाचा, अशी ही रीत आहे. आपल्या देशात हे काम आज गुरुग्राम येथील केंद्रीय चाचणी केंद्राकडे आहे. रीत चोख आहे, यात संशय नाही. परंतु तिच्या पोटातच एक मर्यादा दडलेली आहे: जो क्रम लागतो तो त्या एका छपराखालचा क्रम असतो. छप्पर बदलले, हवा बदलली, की पहिला तिसरा होतो आणि तिसरा पहिला, असे अनुभवास येते. आणि पालक जेव्हा केवळ पहिल्या क्रमांकाचे नाव वाचून पिल्ले मागवितो, तेव्हा त्या चाचणीचे घरही आपल्यास सोबत मिळत नाही, हे तो विसरतो.

वाणाच्या बाजूने बोलावे तेवढे थोडेच आहे, इतका त्याचा पराक्रम मोठा आहे. बाजारात जिला सर्रास ब्रॉयलर म्हणतात ती पांढरी कोंबडी, असील किंवा कडकनाथ यांच्याप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःसारखीच प्रजा निर्माण करणारी जात नव्हे. ती संकरातून मुद्दाम घडविलेली, एका पिढीपुरतीच उपयोगाची अशी निर्मिती आहे. तिच्या पितृकुळात रुंद छातीचा कॉर्निश असतो, तर मातृकुळात बऱ्यापैकी अंडी देणारी पांढरी प्लिमथ रॉक असते. शुद्ध वंश, पणजोबा-पणजीचा थर, आजा-आजीचा थर, मातापित्यांचा थर, अशा उतरंडीने खाली येत शेवटी जे पिल्लू निपजते तेच शेतकऱ्याच्या शेडमध्ये पोहोचते. अमेरिकेत १९२३ मध्ये डेलावेअरच्या सिलिया स्टील यांच्याकडे ५० च्या जागी चुकून ५०० पिल्ले आली आणि त्यांनी ती परत न पाठविता मांसासाठी वाढवून विकली, तेथून या धंद्याचा उगम सांगण्याची प्रथा आहे. परंतु त्या पिल्लांना सुमारे दोन पौंड वजन गाठावयास अठरा आठवडे लागले होते. खरे वळण मिळाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, ‘उद्याची कोंबडी’ या नावाने तेथे भरविलेल्या राष्ट्रीय स्पर्धेमुळे. १९४८ च्या अंतिम फेरीत कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांचा कॉर्निश व न्यू हॅम्पशायर यांचा संकर अव्वल ठरला, आणि तेव्हापासून छातीचे मांस व वाढीचा वेग या दोन गुणांवर निवडीचा सगळा भर एकवटला.

निवडीचे फळ किती आले, याचे मोजमाप उत्तर कॅरोलायना राज्य विद्यापीठातील हॅवेनस्टाइन आणि त्यांचे सहकारी यांनी मोठ्या कल्पकतेने केले. १९५७ च्या कोंबड्यांचा एक वंश निवड न करता तसाच जतन केलेला होता. तो आणि २००१ मधील प्रचलित ब्रॉयलर, दोन्ही त्यांनी दोन्ही काळांच्या खाद्यावर वाढविले. जुना वंश जुन्या खाद्यावर ४२ दिवसांत ५३९ ग्रॅमपर्यंत पोहोचला. नवा ब्रॉयलर नव्या खाद्यावर तेवढ्याच दिवसांत २,६७२ ग्रॅमचा झाला. या फरकापैकी ८५ ते ९० टक्के वाटा आनुवंशिक निवडीचा आणि उरलेला खाद्याचा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपल्याकडे हे वाण शेतकऱ्याच्या दारी पोहोचविण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागते त्यांत डॉ. बी. व्ही. राव अग्रभागी आहेत. त्यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या व्यंकटेश्वर हॅचरीजचे मुख्य ठाणे पुण्यास आले, आणि अमेरिकेतील कॉब या पैदास-संस्थेशी सहकार्य करून तयार झालेला व्हेंकॉब हा ब्रॉयलर महाराष्ट्राच्या खेडोपाडी परिचयाचा झाला.

येथवर वाचून वाचकाचे मत होईल की मग घराचा विचार गौण आहे, उत्तम पिल्लू आणावे म्हणजे झाले. परंतु वाण ज्या देणग्या घेऊन येतो त्यांच्याबरोबर एक ओझेही घेऊन येतो, आणि ते ओझे म्हणजे उष्णता. जे पाखरू दिवसाला शंभर-दीडशे ग्रॅम खाद्य पचवून त्याचे मांस करते, त्याच्या देहात त्या पचनाची उष्णताही त्याच प्रमाणात निर्माण होते. ती बाहेर टाकण्यासाठी त्याच्यापाशी घामाच्या ग्रंथी नाहीत, अंगावर पिसांचे आवरण आहे, आणि देहाचे स्वाभाविक तापमानच ४१ अंश सेल्सिअसच्या वर आहे. भोवतालची हवा अठरा ते चोवीस अंशांच्या दरम्यान असेल तोवर वाढलेल्या पाखराची उष्णता हवेत सहज निघून जाते. हवा तीसच्या वर गेली की ते पंख देहापासून दूर धरते, जमिनीवर पसरलेली तुसाची गादी उकरून जमिनीशी पोट टेकते, आणि अखेरीस चोच उघडून धापा टाकू लागते. धाप हा त्याचा शेवटचा उपाय. श्वासमार्गातील ओलावा वाफ होऊन जावा आणि जाताना देहाची उष्णता घेऊन जावा, ही त्यामागील योजना. तोही उपाय अपुरा पडू लागला की पाखरू खाणे सोडते, कारण जे खाल्ले नाही त्याची उष्णता तरी पोटात होणार नाही. वाढ खुंटते ती येथे. आणि ज्याचा वाढीचा वेग अधिक, त्याचे नुकसानही अधिक. मंद वाढीचे गावठी कोंबडे ज्या दुपारी झाडाखाली निवांत उभे असते, त्याच दुपारी अडीच किलोचा ब्रॉयलर मरणाच्या उंबरठ्यावर असतो.

आता उपनगरांची हवा पाहावी. सांताक्रूझच्या वेधशाळेतील मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान ३३-३४ अंशांच्या घरात असते, पुण्याचे ३७ च्या आसपास. आकड्यांवरून पुणे कठीण आणि मुंबई सौम्य वाटेल. पाखराचा अनुभव याच्या उलट आहे. पुण्यात रात्री पारा बावीस-तेवीसपर्यंत उतरतो, हवा कोरडी असते, दिवसभर उपाशी राहिलेले पाखरू पहाटेच्या गारव्यात आपला वाटा भरून काढते. बोरिवलीत वा मुलुंडला वैशाखातली रात्रही सत्तावीस अंशांच्या खाली सहसा जात नाही, आणि हवेत ओलावा इतका की धाप टाकूनही वाफ होण्यास जागा उरत नाही. पुढे मृगापासून भाद्रपदापर्यंत सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस कोसळतो. उष्णता थोडी ओसरते, परंतु ओल घरात शिरते. किनाऱ्यावरच्या कोंबडीच्या घरास असे दोन निरनिराळे शत्रू आहेत, आणि एकाविरुद्ध केलेला बंदोबस्त पुष्कळदा दुसऱ्याच्या पथ्यावर पडतो.

घराच्या दिशेचाच प्रश्न घ्या. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-सायंकाळच्या तिरप्या उन्हास केवळ आखूड भिंती सामोऱ्या जातात, हा नियम सर्व पुस्तकांत दिलेला असतो आणि तो योग्यच आहे. परंतु मुंबईच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारचा वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून व वायव्येकडून येतो. पूर्व-पश्चिम शेडच्या आखूड भिंतीवर तो आदळतो आणि ज्या लांब जाळीदार बाजूंनी तो आत यावयाचा त्यांच्या समांतर निघून जातो. ऊन टळले, पण वाराही हुकला. शिवाय मोसमी पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, तो नेमका दक्षिणेच्या लांब बाजूवर. माझे मत असे की या भागात पुस्तकी नियम अक्षरशः न पाळता, जागेवर उभे राहून वारा कोठून येतो ते प्रथम पाहावे, शेडचा अक्ष ऊन सोसवेल इतपत थोडा वळवावा, आणि दक्षिणेकडील वळचण चार फुटांपर्यंत पुढे काढावी. ही वळचण कोकणातील घरे बांधणाऱ्या जुन्या गवंड्यांना आणि सुतारांना कोणी शिकवावी लागली नव्हती. खोल छायेचे, पागोळ्या भिंतीपासून दूर टाकणारे कौलारू छप्पर हे त्यांनी पावसाशी व उन्हाशी एकाच वेळी केलेले तडजोडीचे कलम आहे. आणि कोंबडीच्या घरासाठी त्याहून शहाणी रचना मला तरी आढळलेली नाही.

शेडची रुंदी पंचवीस-तीस फुटांहून अधिक नसावी, कारण नैसर्गिक वारा त्यापलीकडे आरपार जात नाही आणि मध्यभागी उबलेल्या हवेचा एक पट्टा साचून राहतो. बाजूची भिंत फूटभर, वर जाळी, जाळीवर गोणपाटाचा किंवा ताडपत्रीचा पडदा. हा पडदा वरून खाली उघडणारा असावा. खालून वर गुंडाळणारा पडदा उघडला की थंड वारा थेट पिल्लांच्या अंगावर येतो. वरून उघडला तर साचलेला वायू बाहेर जातो आणि पिल्ले झोतापासून सुरक्षित राहतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते व पुढे दर आठवड्यास ती सुमारे तीन अंशांनी उतरवीत न्यावी लागते, तेव्हा एकाच घराने महिन्याभरात दोन परस्परविरुद्ध कामे करावयाची असतात, आणि ती या पडद्याच्या शिस्तीवर अवलंबून आहेत. छपरासाठी लोखंडी पत्रा सर्वांत स्वस्त, आणि सर्वांत घातक. तापलेला पत्रा खालच्या पाखरांवर दिवसभर उष्णतेचा वर्षाव करीत राहतो. त्यावर चुन्याचा पांढरा हात दिला किंवा भाताचा पेंढा पसरला तरी काही अंशांचा फरक पडतो, आणि हा उपाय खर्चाच्या मानाने इतका किफायतशीर आहे की तो न करणाऱ्याचे आश्चर्य वाटते.

पावसाळ्यातील झगडा जमिनीवर होतो. गादी पद्धतीत जमिनीवर दोन-तीन इंच भाताचे तूस पसरतात. कर्जत, पनवेल, अलिबाग या भातपिकाच्या तालुक्यांत ते गिरण्यांतून सहज मिळते, ही या मुलखाची सोय आहे. पाच हजार पाखरांचा जथा शेवटच्या आठवड्यात दिवसाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी पितो, आणि त्यातील मोठा भाग विष्ठेवाटे व श्वासावाटे त्याच घरात परत येतो. कोरड्या ऋतूत वारा तो उचलून नेतो. आषाढात बाहेरची हवाच भिजलेली असते; तुसाची ढेपळे बनतात, विष्ठेतील युरिक आम्लाचे जीवाणू अमोनियात रूपांतर करू लागतात, आणि पहाटे शेडचे दार उघडणाऱ्याच्या डोळ्यांना पाणी येते. हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांहून अधिक अमोनिया झाला की पाखरांच्या श्वासनलिकेतील रक्षक लोम निकामी होऊ लागतात, डोळे सुजतात, रोगजंतूंना वाट मोकळी होते; ओल्या गादीत रक्ती हगवणीचे कोक्सिडियाही फोफावतात, आणि पायांच्या तळव्यांस जखमा होतात. यावर महागडे औषध नाही. गादी रोज खालवर करावी, ओली ढेपळे काढून टाकावीत, कोरड्या तुसाची भर घालावी, थोडा चुना मिसळावा, पाण्याची भांडी पाखराच्या पाठीच्या उंचीवर टांगावीत म्हणजे सांडत नाहीत. आणि गर्दी कमी करावी. हिवाळ्यात एका पाखरास एक चौरस फूट जागा पुरते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात त्याहून चतुर्थांश तरी अधिक द्यावी लागते. जागेच्या लोभाने पाचशे पिल्ले जास्त टाकणारा पालक अखेरच्या आठवड्यात त्याच जागेचे भाडे मरतुकीच्या रूपाने भरतो.

हल्ली बंदिस्त, वातानुकूलित शेडचा पुष्कळ बोलबाला आहे. एका टोकास ओले पॅड, दुसऱ्या टोकास मोठे पंखे, आणि मधून बोगद्यासारखा वाहणारा वारा, अशी ही रचना. चाळीस अंशांच्या कोरड्या दुपारी असे पॅड हवेला दहा-बारा अंशांनी गार करतात. किनाऱ्यावर, जेथे हवेत मुळात सत्तर टक्के ओलावा आहे, तेथे तीन-चार अंशांवर त्यांची मजल संपते आणि आत येणारी हवा अधिकच ओली होते. म्हणून येथे पॅडपेक्षा पंखा महत्त्वाचा. सेकंदाला अडीच-तीन मीटर वेगाचा वारा पाखराच्या अंगावरून गेला तर तापमापकावरील पारा न हलताही त्याच्या देहाची उष्णता निघून जाते. देशावरच्या शेडचा आराखडा जसाच्या तसा ठाणे-रायगडात उचलून आणणाऱ्यांनी हा भेद पैसे गुंतविण्यापूर्वी समजून घेतला पाहिजे.

घर हवेपुढे कोठवर टिकाव धरील यास मर्यादा आहेत. तेव्हा पुन्हा वाणाकडे वळावे लागते, पण आता वेगळा प्रश्न घेऊन. सर्वांत वेगाने वाढणारा वाण कोणता, असे न विचारता या हवेत सर्वांत कमी मागे पडणारा कोणता, असे विचारले तर उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळते. मानेवर पिसे नसलेल्या कोंबड्या केरळात व अंदमानात पूर्वापार आढळतात. हा गुण एकाच प्रभावी जनुकामुळे येतो. त्याची एक प्रत असली तर अंगावरील पिसे सुमारे वीस टक्क्यांनी घटतात, दोन असल्या तर चाळीस टक्क्यांच्या आसपास, आणि उघड्या मानेवाटे उष्णता बाहेर पडू लागते. इस्राएलमधील अविग्दोर काहानर यांनी हे जनुक वेगवान ब्रॉयलरांत आणून पाहिले तेव्हा बत्तीस अंशांच्या सततच्या उष्णतेत ही उघड्या मानेची भावंडे पिसारलेल्या भावंडांहून अधिक वाढली, आणि गार हवेत तो फायदा जवळजवळ नाहीसा झाला. वाण आणि घर यांची गुंफण याहून स्पष्टपणे कोणत्या प्रयोगाने दाखवावी! आपल्याकडे १९७९ मध्ये इज्जतनगर येथे स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कॅरिब्रो मृत्युंजय हा उघड्या मानेचा ब्रॉयलर याच विचाराने तयार केला. उपनगरांतल्या दुकानात कोंबडी बहुधा कातडी सोलूनच दिली जाते, तेव्हा गिऱ्हाइकास मानेवरच्या पिसांचे काही देणेघेणे असण्याचे कारण नाही. तरीही हे वाण बाजारात मूळ धरू शकले नाहीत, कारण पैदाशीचा मोठा व्यवहार जगभरातील गार, नियंत्रित घरांकडे पाहून चालतो आणि दमट किनारा हा त्याच्या जमाखर्चातील एक लहानसा कोपरा आहे.

शेतकऱ्याच्या हाती मग काय उरते? आज कर्जत, अलिबाग, शहापूर या पट्ट्यांत करार पद्धतीचे चलन मोठे आहे. कंपनी पिल्ले, खाद्य व औषधे देते. शेड, वीज, मजुरी आणि जागता पहारा शेतकऱ्याचा. आणि मोबदला ठरतो तो मुख्यतः एका किलो वजनासाठी किती किलो खाद्य लागले, म्हणजे ज्यास सगळे एफसीआर म्हणतात, त्या हिशेबावर. वाण निवडण्याचा अधिकार त्यास नाही. घर मात्र संपूर्ण त्याचे आहे, आणि त्या घराची किंमत अशी: दोन किलोच्या पाखरामागे हे प्रमाण १.६ ऐवजी १.८ झाले तर प्रत्येकी ४०० ग्रॅम खाद्य अधिक जाते, आणि पाच हजारांच्या एका बॅचमध्ये दोन हजार किलो, म्हणजे पन्नास किलोच्या चाळीस गोणी. उत्पादनखर्चाचा सुमारे दोनतृतीयांश भाग खाद्याचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या चाळीस गोण्यांपुढे वळचणीचा चार फूट पत्रा आणि चुन्याचा एक हात यांचा खर्च किती क्षुल्लक ठरतो ते दिसेल. कंपन्यांनी करारात वाणाच्या नावाबरोबर शेडची वळचण, रुंदी व दर पाखरामागची जागा यांचा तपशील लिहावा आणि त्या सुधारणेसाठी आगाऊ रक्कम द्यावी, ही मागणी शेतकऱ्यांनी संघटितपणे करण्यासारखी आहे. तिच्यात कंपनीचाही लाभ आहे.

शेडचे दार ओलांडल्यावरही घराचा प्रश्न संपत नाही. रात्री पाखरे प्लास्टिकच्या क्रेटांत भरून घोडबंदरच्या किंवा ठाण्याच्या वाटेने गाड्या निघतात आणि पहाटे अंधेरीच्या, घाटकोपरच्या दुकानांत लोखंडी पिंजऱ्यांत ती उतरविली जातात. उपाशीपोटी प्रवासात दर तासास वजनाचा सुमारे ०.२ ते ०.५ टक्के भाग घटतो; आठ तासांत दोन किलोच्या पाखराचे तीस ते ऐंशी ग्रॅम, आणि मे महिन्यात गाडी नाक्यावर अडकली की मधल्या थरातील क्रेटांत मरतूकही होते. चालत्या गाडीत वारा लागतो, थांबलेल्या गाडीत नाही. म्हणून उन्हाळ्यात क्रेटमागे दोन-तीन पाखरे कमी भरणे, थरांमध्ये वाऱ्याची फट ठेवणे, सूर्योदयापूर्वी दुकान गाठणे आणि दुकानातील पिंजरा भिंतीशी न चिकटविता पंख्यासमोर ठेवणे, या चार गोष्टी वाहतूकदार आणि दुकानदार यांना बिनखर्चात करता येण्याजोग्या आहेत.